निगेटिव्ह कुठे आहे, ते आधी विचार

नाशिक, गंगापूर रोड

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. डिस्कवर आता मिळत नाहीत अशा चित्रपटांची तुझी यादी पाहून बरं वाटलं. ‘हे पुन्हा कधी निघणार?’ असं तू विचारतोस. मी म्हणेन, डिस्क काढणाऱ्या कंपन्यांना तो प्रश्न घालण्याआधी आपणच तीन प्रश्नांची उत्तरं शोधावीत: निगेटिव्ह (म्हणजे जिच्यावरून दाखवायच्या प्रिंट काढतात ती मूळ फिल्म) कुठे आहे, हक्क कुणाकडे आहेत आणि आज हातात असलेल्या जुन्या डिस्कवरची प्रत मूळ चित्रपटाशी किती खरी आहे. ही माहिती जोडून पाठवलेल्या पत्रालाच किंमत येते. नुसती यादी कुणी वाचत नाही.

निगेटिव्हपासून सुरुवात करू. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात एखाद्या चित्रपटाची प्रिंट असली, म्हणून संग्रहालयाला तिची डिस्क काढता येत नाही. ठेव त्यांच्याकडे असते, हक्क ठेवणाऱ्याचेच राहतात. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या कमी पैशांच्या चित्रपटांचं निगेटिव्ह बहुतेक वेळा फिल्म धुणाऱ्या लॅबमध्येच पडून राहिलं. निर्मात्याचं बिल थकलं की डबा सोडवून न्यायला कुणी यायचं नाही, आणि फिल्मचा जमाना संपला तशा लॅबही बंद झाल्या. त्यामुळे कधी वाट परदेशातून निघते. ‘घाशीराम कोतवाल’चंच बघ. १९७६ साली युक्त सहकारी संस्थेने केलेला हा चित्रपट डिजिटल झाला तो बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेने जपलेल्या प्रिंटवरून. महोत्सवाला गेलेली एखादी प्रिंट परत आलीच नाही, याचा असाही उपयोग होतो. म्हणून प्रत्येक चित्रपटापुढे तो कोणकोणत्या महोत्सवांना गेला होता हे लिहून ठेव. शोध तिथूनच सुरू होईल. अशा प्रिंटवर इंग्रजी सबटायटल कोरलेली असतात आणि ती पुसता येत नाहीत, पण काहीच नसण्यापेक्षा ते परवडलं.

प्रिंट सापडली तरी ती धड हवी. ॲसिटेट या प्लास्टिकची फिल्म दमट, उबदार जागी ठेवली की तिच्यातून ॲसिटिक आम्ल सुटू लागतं. डबा उघडला की व्हिनेगरचा उग्र वास येतो. हे आम्ल कुजण्याचा वेग आणखी वाढवतं आणि शेजारच्या डब्यांनाही पोचतं. फिल्म आकसते, वाकते, शेवटी वरचा थर सुटून येतो. आकसलेली फिल्म दात्यांच्या जुन्या मशीनवर चढवली तर भोकं फाटतात. म्हणून ती बिनदात्यांच्या स्कॅनरवर घ्यावी लागते. रंगीत प्रिंटचं दुखणं वेगळं: निळसर आणि पिवळा रंग आधी विटतात, मग चित्र गुलाबी पडतं.

खर्च कुठे जातो, तेही सांगतो. शंभर मिनिटांच्या चित्रपटात १,४४,००० फ्रेम असतात. फोर-के स्कॅनची एक फ्रेम साधारण ५० एमबीची धरली, तर नुसतं कच्चं स्कॅन सात टेराबाइटच्या वर जातं. ओरखडे, उडणारं चित्र, आवाजातली खरखर ही कामं त्यानंतरची. तरी आशेला जागा आहे. मल्याळम दिग्दर्शक अरविंदन यांच्या ‘कुम्माट्टी’ची (१९७९) निगेटिव्ह हाती नव्हती, तरी फिल्म हेरिटेज फाउंडेशनने परदेशी संस्थांच्या साथीने प्रिंटवरून तो २०२१ मध्ये उभा केला. सत्यजित राय यांच्या अपू त्रयीच्या निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या लॅबमधल्या आगीत होरपळल्या होत्या. ‘पथेर पांचाली’च्या निगेटिव्हचा जवळपास ४० टक्के भाग तरीही वापरता आला, बाकीचा इतर प्रतींमधून भरला, आणि २०१५ साली तिन्ही चित्रपट पुन्हा आले. जळलेल्या निगेटिव्हमधून हे होऊ शकतं, तर नुसत्या विसरलेल्या डब्यांबद्दल आपण उमेद का सोडायची?

हक्कांचं थोडक्यात. ‘निगेटिव्ह राइट्स’ एकाकडे, व्हिडिओचे हक्क ठरावीक वर्षांसाठी दुसऱ्याकडे, गाणी तिसऱ्याच कंपनीकडे, असं सर्रास असतं. जुन्या डिस्कच्या कव्हरवर जिचं नाव आहे ती कंपनी आज हक्कदार असेलच असं नाही, मुदत संपलेली असू शकते. फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेच्या पैशातून झालेल्या चित्रपटांसाठी आधी एनएफडीसीकडे (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे) विचारावं. आणि आपल्या कायद्याने चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. म्हणजे १९६५ चे चित्रपट २०२६ पासून मोकळे. पण कायद्याने मोकळा झालेला चित्रपटही प्रिंटवाचून कुणाच्या कामाचा नाही.

आता तिसरा प्रश्न, हा तुझ्या घरीच सुटेल. डिस्क लाव आणि सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसताच थांबव. त्यावर लांबी मीटरमध्ये असते, रिळांची संख्या असते, अर्जदाराचं नावही असतं (हक्कांच्या शोधातला पहिला धागा हाच). ३५ मिमी फिल्म सेकंदाला २४ फ्रेमने मिनिटाला २७.४ मीटर पळते. समज, लांबी ३००० मीटर आहे, तर चित्रपट साधारण १०९ मिनिटांचा हवा. डिस्क १०५ मिनिटं दाखवते? घाबरू नकोस, काही कापलेलं नाही. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत तो सेकंदाला २५ फ्रेमने धावतो, म्हणून चार मिनिटं कमी भरतात. आवाजही त्याबरोबर चढतो. पेटीच्या पांढरी एकमध्ये गायलेलं गाणं काळी एकच्या दिशेने जवळपास पाऊण वाट वर जातं, हे सुरात कान असलेल्याला लगेच कळतं. पण डिस्क ९६ मिनिटं दाखवत असेल तर कात्री लागली आहे, आणि ते पत्रात लिहायलाच हवं. प्रमाणपत्र मूळ ३५ मिमीचंच आहे ना, तेवढं बघ. व्हिडिओसाठी वेगळं घेतलेलं असेल तर हा हिशोब चालत नाही.

चौकटही तपास. मूळ चित्राची रुंदी उंचीच्या १.३७ पट असताना डिस्कवर पडदाभर रुंद दिसत असेल, तर वरचा-खालचा मिळून जवळजवळ पाव भाग गेलेला असतो. उभ्या माणसाचं कपाळ कापलेलं दिसलं की समजावं.

नवी डिस्क निघेपर्यंत जुनी जपायला हवी, आणि आपल्या नाशकाच्या पावसाळ्यात ते सोपं नाही. व्हीसीडीचा चकचकीत थर लेबलच्या बाजूला, अगदी वरच्या लाखेखाली असतो. त्या बाजूचा ओरखडा खालच्या बाजूच्या ओरखड्यापेक्षा घातक. लेबलवर चिकटपट्टी लावू नकोस, बॉलपेनने लिहू नकोस. पुसताना मऊ कापड मधून कडेकडे सरळ न्यावं, गोल फिरवू नये. माहिती गोल ओळींत असते. ओळीला आडवा गेलेला ओरखडा ड्राइव्ह दुरुस्त करून घेते, ओळीच्या दिशेने गेलेला मात्र सलग माहिती खातो. डिस्क कव्हरमध्ये उभी ठेव, भिंतीला लागून नको.

व्हीसीडीच्या ‘एमपेगएव्ही’ फोल्डरमधली डॅट फाइल (चित्रपट तिच्यातच असतो) ओढून कॉपी केलीस तर मध्येच अडकेल. तिथे डेटा डिस्कसारखी जादा दुरुस्तीची माहिती नसते, सगळी जागा चित्रासाठी वापरलेली असते. ड्राइव्हचा वेग सगळ्यात कमी ठेवून आयसोबस्टर या प्रोग्रॅमने कच्ची प्रत काढ, एका ड्राइव्हवर नाही जमलं तर दुसऱ्यावर बघ. मग एफएफएमपेग या दुसऱ्या प्रोग्रॅमने फाइलचं आवरण तेवढं काढ, पुन्हा एन्कोड करू नकोस. ३५२ × २८८ चं चित्र ताणून ते सुधारत नाही, आणि मूळ डागही त्या नव्या प्रतीत कायमचे बसतात.

परदेशी आवृत्ती मागवायची झाली तर एक लक्षात घे. डिस्क कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालेल, त्याचे विभाग ठरलेले असतात. आपल्याकडचा ब्लू-रे विभाग सी, डीव्हीडीचा ५. अमेरिकेतल्या क्रायटेरियन या डिस्क काढणाऱ्या कंपनीच्या ब्लू-रे साधारणपणे विभाग ए साठी लॉक केलेल्या असतात. फोर-के अल्ट्रा एचडी डिस्कला विभागाचं बंधन नाही, पण प्लेअर त्याच जातीचा हवा.

हे सगळं मनाला लागतं त्याचं कारण तुला माहीत आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ची (१९१३) पहिली आणि शेवटची एवढीच रिळं संग्रहालयात आहेत. १९१९ साली इथे नाशकात झालेला ‘कालिया मर्दन’ मात्र बराचसा टिकला, आणि दादासाहेब फाळक्यांच्या मुलीने, मंदाकिनीने केलेला कृष्ण आपण आजही पाहू शकतो. कुणीतरी ती रिळं टाकून दिली नाहीत, म्हणून.

तर यादीतल्या पहिल्या पाच नावांपुढे प्रमाणपत्रावरचे मीटर, डिस्कची मिनिटं आणि अर्जदाराचं नाव लिहून पाठव. पत्राचा मसुदा मी त्यावरूनच करतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मोहन