सभागृह बांधतानाच व्हिडिओ केबलचा पाइप टाका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेली 22 वर्षे मी सभागृहांत स्पीकर, प्रोजेक्टर, टीव्ही जोडण्याचं काम करतो. गेल्या महिन्यात तालुक्याच्या गावी एका नव्या सभागृहात गायनाचा कार्यक्रम होता. ज्यांना जिना चढवत नाही, अशा ज्येष्ठांसाठी तळमजल्यावर मोठा टीव्ही लावला होता. कॅमेऱ्यापासून अंतर 40 मीटर, आणि भिंतीत साधी एचडीएमआय केबल (टीव्हीला चित्र आणि आवाज पोचवणारी) टाकून वर प्लास्टर केलेलं! आधी चित्रावर पांढरे ठिपके चमकले, मग पडदा काळा. वर ख्याल रंगात आला होता आणि खाली काठी टेकून आलेल्या एक आजी मला विचारत होत्या, "बाळा, लागेल ना रे?" शेवटपर्यंत लागलं नाही. फार वाईट वाटलं.

अँटेनाच्या काळात सिग्नल कमजोर झाला की मुंग्या यायच्या, तरी माणूस ओळखू यायचा. डिजिटल सिग्नल मात्र एकदम तुटतो. तांब्याच्या साध्या एचडीएमआय केबलचा 10-15 मीटरच्या पुढे भरवसा धरू नये. त्यापुढे दोन्ही टोकांना एचडीबेसटीचे (चित्राचा सिग्नल लांब नेणारे) डबे लावून कॅट-6 केबलवर (संगणकाच्या नेटवर्कला वापरतात ती) 100 मीटरपर्यंत चित्र नेता येतं. त्याहून लांब असेल तर ऑप्टिकल फायबर.

पण ही केबल घालायला वाट तर हवी. सभागृह बांधणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे : मंचापासून प्रत्येक दालनापर्यंत रिकामा पाइप टाका, विजेच्या वायरिंगपासून वेगळा, आणि आत केबल ओढून घ्यायला तार ठेवा.

आपला,
एक तंत्रज्ञ, जि. सातारा