आई-बाबा, या वेळी मी ऑनलाइन काही मागवणार नाहीये

प्रिय आई, बाबा,

काल फोन ठेवला आणि मग झोपच लागेना. आई तू बोलता बोलता सांगून गेलीस की बाबा आता दूध आणायलासुद्धा बाहेर जात नाहीत, गेटपर्यंत जातात, वॉचमनच्या खुर्चीवर बसतात आणि तिथूनच परत वर येतात. आणि मागून बाबांचा आवाज, "अगं पाय भरून येतात, वय झालं, चालायचंच." मला ते चालायचंच नाही चालत बाबा. फोनवर हे बोलायला गेलं की तुम्ही लगेच नातवाला, चिकूला दाखव म्हणता आणि विषय तिथेच संपतो, म्हणून लिहितेय. आई, तू सावकाश वाचून दाखव त्यांना, एका दमात नको.

आधी मागच्या वर्षीचं बोलते. ती धरून चालायची सीटवाली चाकांची गाडी मी इथून साइटवर बघून पाठवली, फोटोत छान दिसत होती, पिशवी होती, टेकायला पट्टा होता, रिव्ह्यू चांगले होते आणि मी पंधरा मिनिटांत ऑर्डर टाकून मोकळी झाले. बाबांची उंची किती, घरातले दरवाजे किती रुंद, जिन्याच्या पायऱ्या उतरताना ती उचलणार कोण, काही म्हणजे काही विचारलं नाही मी. सीट इतकं उंच की बाबांचे पाय अधांतरी, वजन दहा किलोच्या वर, आणि ब्रेक लॉक करायचा असतो हे कुणी सांगितलंच नाही, म्हणजे मीच नाही सांगितलं. बाबा बसायला गेले आणि गाडी मागे सरकली. दिवाण जवळ होता म्हणून निभावलं. तुम्ही दोघांनी हे माझ्यापासून तीन महिने लपवलं, मला वहिनीकडून कळलं, आणि त्या दिवशी ऑफिसात बाथरूममध्ये जाऊन रडले मी. बाबा तेव्हापासून म्हणतात ही वस्तू आपल्या कामाची नाही. वस्तू कामाची आहे बाबा, मापाची नव्हती.

का कामाची आहे ते सांगते. मिरजेच्या डॉक्टरांनी काय सांगितलंय, कमरेच्या मणक्यातली पोकळी अरुंद झालीय, त्यातून पायाकडे जाणाऱ्या नसा दाबल्या जातात. ताठ उभं राहिलं, चाललं की ती पोकळी अजून आवळते, म्हणून शंभर पावलांत पाय जड होतात, मुंग्या येतात. बसलं किंवा थोडं पुढे झुकलं की जागा मोकळी होते आणि दोन-चार मिनिटांत पाय परत आपले होतात. आई तुला आठवतंय का, मे महिन्यात दादाकडे पुण्याला असताना आपण डीमार्टला गेलो होतो आणि बाबा ट्रॉली ढकलत सगळं दुकान फिरले, वरचा मजलासुद्धा, आणि बाहेर पार्किंगपर्यंत चालताना मात्र दोनदा थांबले. तेव्हा आपल्याला वाटलं एसीमुळे बरं वाटलं असेल. एसी नाही, ट्रॉली. ट्रॉलीवर हात ठेवला की माणूस आपोआप जरासा पुढे झुकतो. मी इथल्या फिजिओला हे नुसतं वर्णन करून सांगितलं तर ती म्हणाली की हे आम्ही पेशंटला मुद्दाम विचारतो, दुकानात ट्रॉली धरून चालता येतं का म्हणून, मणक्याच्या या त्रासाची ही ओळखीची खूण आहे.

म्हणजे बाबांना काय हवंय, पुढे धरायला काहीतरी आणि शंभर पावलांनी बसायला जागा. काठी यातलं काहीच धड देत नाही. तो चार पायांचा बिनचाकी वॉकर, जो आजीला होता, तो प्रत्येक पावलाला उचलायला लागतो आणि त्यावर बसता येत नाही, तो ज्यांना हातावर भार टाकून चालायचंय त्यांच्यासाठी. तीन चाकांचे पण येतात, वळायला सोपे, पण त्यांना सीट नसतं. चार चाकं आणि सीट, तेच हवं. दुकानात त्याला रोलेटर म्हणतात.

आणि बाबा, तुमचं ते "लोक काय म्हणतील, एकदम म्हातारा झाला म्हणतील". ऐका. मी इथे स्वीडनमध्ये, गोटेनबर्गला आले तेव्हा मला पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त काय दिसलं असेल तर या गाड्या. ट्रॅममध्ये, लायब्ररीत, बाजारात. हागा म्हणून जुना भाग आहे, सगळा दगडी रस्ता, तिथेपण म्हाताऱ्या बायका लिपस्टिक वगैरे लावून हे घेऊन फिरतात. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी बर्फात जातात, फूटपाथवर खडी टाकलेली असते त्यावरून, स्टॉपवर पोचल्या की ब्रेक खाली दाबतात, वळतात, बसतात, आणि थर्मासमधली कॉफी काढून पितात. त्यांच्याकडे कुणी वळून बघत नाही. ही वस्तू इथलीच आहे, आयना विफाल्क नावाच्या बाईने १९७८ मध्ये केलेली, तिला स्वतःला तरुणपणी पोलिओ झाला होता. चालताना दमणाऱ्या बाईनेच शोधून काढलीय म्हणून तर तिला सीट आहे असं मला नेहमी वाटतं.

आता मापं. आई हे तुझं काम, कारण बाबा म्हणतील अंदाजे घ्या.

बाबांनी फिरायला जाताना घालतात तेच बूट घालायचे, चपला नाही, आणि ताठ उभं राहून हात सैल सोडायचे. मनगटाच्या आतल्या बाजूला आडवी रेघ असते ना, तिथपासून जमिनीपर्यंत टेप लाव. हँडल त्या उंचीवर यायला हवं, मग धरल्यावर कोपर थोडंसं वाकतं. जास्त उंच झालं तर खांदे कानाला लागतात आणि मान दुखते, कमी झालं तर कुबड काढून चालावं लागतं. बाबांना झुकल्यावर बरं वाटतं म्हणून मुद्दाम खूप खाली करू नका, थोडं झुकणं आपोआप होतं. मग खुर्चीवर बसवून गुडघ्यामागच्या लवणीपासून जमिनीपर्यंत मोज. सीट त्या मापाचं किंवा एखादा इंच वर असलं तर उत्तम, उठायला सोपं जातं, पण पाय पूर्ण टेकलेच पाहिजेत. मागच्या गाडीचं सीट बावीस इंचावर होतं आणि ते वरखाली होत नव्हतं, हँडल तेवढं होत होतं. बऱ्याच गाड्यांचं असंच असतं, त्यामुळे "अॅडजस्टेबल आहे मॅडम" म्हणाले की विचार, काय अॅडजस्टेबल, हँडल की सीट.

मग दरवाजे. मुख्य दरवाजा मोठा आहे, पण बेडरूमचा आणि विशेषतः बाथरूमचा मोज, पूर्ण चौकट नाही, दार उघडल्यावर जी मोकळी जागा उरते तेवढीच. बहुतेक गाड्या चोवीस-पंचवीस इंच रुंद असतात. बाथरूममध्ये न्यायचीच नाहीये, ओल्या फरशीवर चाकं नकोत, तिथे भिंतीला दांड्या बसवून घेऊ, दादाला सांगितलंय मी, पण दारापर्यंत तरी जायला हवी.

चाकं आठ इंची बघा, त्याहून लहान नको. दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर सहा इंची चाकं लोण्यासारखी पळतात आणि मग आपल्या सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकच्या फटीत अडकतात, आणि चाक अचानक अडकलं की माणूस पुढे जातो. वजन, सहा-सात किलोची अॅल्युमिनियमची घ्या. स्टीलची स्वस्त मिळते पण खालच्या त्या तीन पायऱ्या उतरताना ती तू उचलणार आहेस आई, तुझा खांदा आत्ताच दुखतोय. दुकानात तू स्वतः एका हाताने उचलून बघ, लाजू नकोस. घडी करून बघ, आडवी मिटणारी असेल तर मिटल्यावर स्वतः उभी राहते आणि रिक्षात पायापाशी मावते.

पण सगळ्यात महत्त्वाचं ब्रेक. सायकलसारखी पट्टी असते, वर ओढून दाबली की गाडी हळू होते, आणि तीच खाली ढकलली की खट् आवाज येऊन लॉक होते. दोन्ही बाजूंची. बाबांच्या उजव्या अंगठ्याचा सांधा सुजतो, त्यामुळे त्यांनी स्वतः दहा वेळा दाबून, लॉक करून, सोडून बघितल्याशिवाय घ्यायची नाही, मी किंवा दादाने केलेलं चालणार नाही. लॉक करून गाडी ढकलून बघा, चाक जरा जरी फिरलं तरी ब्रेकची तार सैल आहे, ती आवळता येते, पण दुकानदाराकडूनच आवळून घ्या. आणि घरी आणल्यावर महिन्यातून एकदा तपासायचं, तारा सैल होतातच.

बसायची पद्धत अशी, बाबा हे तुम्हीच वाचा. गाडी थांबवायची, दोन्ही ब्रेक खट् करून लॉक, मग हळूहळू वळायचं, मांडीच्या मागे सीट लागलं की हँडलला धरून बसायचं. मागच्या वेळी तुम्ही आधी बसलात. उठून, वळून, हँडल नीट धरल्यावरच लॉक काढायचा, आधी नाही. घरातल्या खुर्चीतून उठताना गाडीला धरून स्वतःला ओढू नका, खुर्चीच्या हाताला रेटा देऊन उठा आणि मग गाडी धरा. चालताना गाडी पुढे पळवायची नाही, मागच्या दोन चाकांच्या मध्ये आपण असलं पाहिजे. उतार असेल तर दोन्ही ब्रेक हलकेच दाबत उतरायचं. भाजी सीटखालच्या पिशवीत, हँडलला एकही कॅरीबॅग अडकवायची नाही, तोल जातो. आणि बाबा बसलेत म्हणून त्यांना त्यावरून कुणी ढकलत न्यायचं नाही, वॉचमनला प्रेमाने करायची हौस आहे पण ती व्हीलचेअर नाहीये, चाकं लहान असतात, अडकलं की उलटते.

आई तू म्हणालीस की बाल्कनीतली जुनी गाडी आत्याला देऊन टाकू. नको गं. आत्याला कंपवात आहे, तिचं चालणं तू बघितलंयस, आधी पाय जमिनीला चिकटतात आणि मग एकदम छोटी छोटी पावलं भरभर पडायला लागतात. अशा वेळी गाडी तिच्यापुढे पळेल आणि ती मागे फरफटत जाईल. त्या लोकांसाठी वेगळ्या असतात, ब्रेकची पट्टी दाबली की चालणाऱ्या आणि हात सोडला की आपोआप थांबणाऱ्या. तिच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिला काही देऊ नका, जुनी वाटल्यास भंगारात गेली तरी चालेल.

खरं तर बाबांच्या बाबतीतपण मी हे सगळं सांगितलं तरी शेवटचा शब्द फिजिओचा. त्यांचा तोल कसाय, पाऊल कसं पडतंय हे मला व्हिडिओ कॉलवर दिसत नाही. एकदा त्यांना दाखवा, मग मिरजेला हॉस्पिटलांच्या आसपास सर्जिकलची दुकानं आहेत, तिथे दादाबरोबर जा, तो शनिवारी येतोय. दुकानाच्या आत नाही, बाहेर रस्त्यावर चालून बघायचं, नाही म्हणाले तर दुसरं दुकान. पैशांचा विचार करू नका. जी मापाला बसेल ती घ्या, पैसे मी पाठवते आणि यावर वाद नको बाबा. तुम्ही माझ्या पहिल्या सायकलसाठी तीन दुकानं फिरलात, प्रत्येक ठिकाणी मला बसवून माझे पाय टेकतायत का ते खाली वाकून बघितलंत, मला अजून आठवतंय, मी कंटाळले होते आणि तुम्ही नाही.

घेतल्यावर लगेच दूध आणायला जाऊ नका. आधी आठ दिवस घरात, मग सोसायटीत. मग एक दिवस रिक्षाने आमराई बागेत जा, रस्त्यावरच्या गर्दीतून चालत नको, रिक्षाने जायचं आणि आत चालायचं. शंभर पावलं, बसा. परत शंभर, बसा. तुमची ती सकाळची मंडळी अजून तिथे जमते, मध्ये त्यांच्यातल्या एका काकांचा मला मेसेज आला होता, बाबा कुठेत, बरे आहेत ना म्हणून. मी काय उत्तर देणार, मी लिहिलं येतील लवकरच. लिहिताना मला खात्री नव्हती, पण लिहिलं.

आई, तुझ्याबद्दल एक. बाबा खाली गेले की परत येईपर्यंत तू खिडकीत उभी असतेस हे मला माहितीये. गाडी आल्यावरही पहिले काही दिवस तू बरोबर जा, पण हात धरू नकोस, एका बाजूचा हात धरला की त्यांचा तोल तिकडे जातो. शेजारून चाल, थोडी मागे. आणि मग एखाद्या दिवशी त्यांना एकट्याला जाऊ दे, तू तोवर तुझ्या भजनाला जाऊन ये, किती महिने झाले गेली नाहीयेस.

मी संक्रांतीला येतेय, तिकीट झालंय, चिकूपण येतोय. पण त्यासाठी थांबून राहू नका, त्याआधी गाडी घ्या. त्याला आजोबांबरोबर आमराईत जायचंय, त्याला मी सांगितलंय की आजोबांना मध्येमध्ये बसायला लागतं, तर तो म्हणाला मग मी पण बसेन.

रविवारी सकाळी तुमच्या दहाला कॉल करते, मापं तेव्हाच घेऊ, मी बघते आणि तू लिहून घे. टेप शिवणाच्या डब्यात असेल, निळ्या झाकणाच्या, तो आधी काढून ठेव. आणि बाबांना बूट घालून बसव.

तुमची,
ताई