रविवारची थायरॉइड भेट : सभासदांसाठी सूचना

सभासदहो, रविवारी सकाळी दादरला एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोनतज्ज्ञ) मॅडम येत आहेत. एमडीनंतर 3 वर्षांची डीएम ही पुढची पदवी केलेल्या या तज्ज्ञ. नुसतं डाएट विचारून त्यांचा वेळ घालवू नका. सत्कार 5 मिनिटांत, पेढ्यांशिवाय (निम्मा ग्रुप मधुमेही आहे).

टीएसएच (थायरॉइडचं काम दाखवणारं हार्मोन) तपासायला रक्त देणाऱ्यांनी त्या सकाळची थायरॉक्सिनची (थायरॉइड हार्मोनची) गोळी रक्त दिल्यावरच घ्यावी. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व चालू असेल तर किमान 2 दिवस आधी बंद. त्याने अनेक लॅबमध्ये टीएसएच खोटाच कमी दिसतो, गोळी जास्त होतेय असं वाटतं आणि डोस उगाच घटवला जातो. डोस बदलून 6 आठवडे झाले नसतील तर तपासणी थांबवा, आकडा अजून स्थिरावलेला नसतो. गर्भवतींना ही 6 आठवड्यांची अट लागू नाही, त्यांनी डॉक्टरांनी दिलेली तारीख पाळावी.

गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर. चहा अर्ध्या-एक तासाने. लोकल गाठायच्या घाईत चहासोबतच गोळी गिळली जाते आणि मग टीएसएच का उतरत नाही, हे कोडं पडतं. अशांनी रात्री जेवणानंतर 3 तासांनी घेण्याबद्दल मॅडमना विचारावं. कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या 4 तासांच्या अंतराने.

जुने रिपोर्ट तारखेनुसार लावून आणा. मोबाइलमधले अंधुक फोटो नकोत.