रोटरी इंजिनाचा एक्झॉस्ट : आखूड पाइप म्हणजे जास्त ताकद नव्हे

संपादक महोदय,

घरी विमान बांधणाऱ्या हौशी मंडळींवरचा आपल्या पुरवणीतला लेख आवडीने वाचला. या विषयाला मराठी वर्तमानपत्रात इतकी जागा मिळाली याचा आनंद आहे. पण त्यातले एक विधान तसेच सोडून देता येत नाही. रोटरी इंजिनाला, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणाऱ्या इंजिनाला, आखूड, सरळ पाइप लावला आणि सायलेन्सर काढला की ताकद आपोआप वाढते, असे लेखकाने म्हटले आहे. माझा जन्म स्टेनलेसचे पाइप वाकवण्यात आणि जोडण्यात गेला. निवृत्तीनंतर मी जे एक्झॉस्ट (जळका वायू बाहेर नेणारे पाइप) बनवतो ते बहुतेक रोटरी इंजिनाच्या छोट्या विमानांचेच असतात. लेख वाचून कोणी पाइप कापायला घेण्याआधी हे लिहिणे मला भाग आहे.

पिस्टन इंजिनात एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह हळूहळू उचलला जातो. रोटरीत व्हॉल्व्हच नाही. रोटरच्या टोकावरची सील पोर्टच्या, म्हणजे वायू जायच्या भोकाच्या, कडेवरून सरकली की तोंड एकदम उघडते आणि ९०० अंश सेल्सिअसच्या घरातला वायू धक्क्याने बाहेर पडतो. त्या धक्क्याची दाबाची लाट पाइपच्या उघड्या टोकापर्यंत धावते आणि तिथून उलटी होऊन, म्हणजे कमी दाबाची होऊन, पोर्टकडे परतते. इनटेक (ताजे मिश्रण आत घेणारे तोंड) आणि एक्झॉस्ट दोन्ही उघडे असण्याच्या त्या थोड्या क्षणांत, म्हणजे ओव्हरलॅपमध्ये, ती पोचली, तर उरलासुरला जळका वायू ओढून काढते आणि ताजे मिश्रण जास्त येते. त्या क्षणी जास्त दाबाची लाट आली तर जळका वायू परत आत ढकलला जातो. एक्झॉस्ट ट्यून करायचा म्हणजे ही वेळ साधायची.

आता हिशेब बघा. मझ्दाचे दोन रोटरचे १३बी इंजिन ६,००० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर, धरू. शाफ्टच्या एका फेऱ्याला १० मिलिसेकंद लागतात. एक्झॉस्ट उघडल्यापासून ओव्हरलॅपपर्यंत शाफ्ट साधारण ३४५ अंश फिरतो, म्हणजे हातात साडेनऊ मिलिसेकंद असतात. तापलेल्या वायूत लाट सेकंदाला सुमारे ६५० मीटर धावते. जाऊन-येऊन सहा मीटर, म्हणजे पाइप तीन मीटरचा. शर्यतीच्या गाड्यांत दोन्ही रोटरचे पाइप वेगवेगळे ठेवून खूप मागे नेऊन जोडतात, ते याच कारणाने. विमानाच्या काउलिंगखाली (इंजिनावरच्या झाकणाखाली) तीन मीटर पाइप मावत नाही.

मग काही जण थंड हवेतला आवाजाचा वेग, सेकंदाला ३४० मीटर, धरून गणित करतात आणि दीड मीटरवर येतात. हे सर्वांत वाईट. कारण लाट पाइपमध्ये एकदा जाऊन थांबत नाही, ती पोर्टवर आपटून पुन्हा धावते. पहिल्या फेरीला ती कमी दाबाची असते, दुसऱ्या फेरीला जास्त दाबाची, तिसऱ्या फेरीला पुन्हा कमी दाबाची. दीड मीटरच्या पाइपमध्ये नेमकी दुसरी फेरी ओव्हरलॅपला येऊन पोचते. एक मीटरच्या आसपास ठेवला तर तिसरी फेरी मिळते. तोवर लाट बरीच विरलेली असते, पण निदान ती उपयोगाच्या बाजूची असते. म्हणजे आखूड पाइपही मोजूनच आखूड करावा लागतो.

हा फायदा सगळ्या रोटरींना सारखा नाही, हेही लेखात यायला हवे होते. इनटेक पोर्ट रोटरच्या घेरावर असेल तर ओव्हरलॅप मोठा असतो आणि पाइपची लांबी लगेच जाणवते. इनटेक बाजूच्या भिंतीत असेल तर बरीच कमी. मझ्दाच्या आरएक्स-८ गाडीच्या रेनेसिस इंजिनात एक्झॉस्टही बाजूच्या भिंतीतून निघतो आणि ओव्हरलॅपच नसतो. तिथे लांबीसाठी जिवाचा आटापिटा करण्यात अर्थ नाही. टर्बो (बाहेर पडणाऱ्या वायूवर फिरून इंजिनात जास्त हवा भरणारे यंत्र) असेल तर हा सगळा हिशेब बाजूला ठेवा. टर्बाइन लाटही मोडतो आणि आवाजही खातो.

विमानाला एक सवलत मात्र आहे. १९९१ ची ल मांची २४ तासांची शर्यत जिंकणाऱ्या मझ्दा ७८७बीला इनटेकच्या नळ्या आरपीएमप्रमाणे लांब-आखूड होणाऱ्या दिल्या होत्या, कारण गाडीला वळणावर आणि सरळ रस्त्यावर दोन्हीकडे ओढायचे असते. विमानाचे इंजिन एका अरुंद पट्ट्यातच चालते. मी लांबी धरतो ती चढाईच्या आरपीएमला, क्रूझला, म्हणजे सपाट उड्डाणाच्या आरपीएमला, नाही. झाडांच्या शेंड्यांवरून जाताना ताकद लागते. सरकत्या जोडाची नळी लावून दोन-दोन सेंटिमीटरने लांबी बदलावी आणि प्रत्येक वेळी त्याच पंख्यावर (प्रोपेलरवर), सारख्याच हवेत, जमिनीवर पूर्ण थ्रॉटलचे आरपीएम पाहावेत. पंखा ओढायला लागणारी ताकद आरपीएमच्या घनात वाढते, म्हणून ६,००० चे ६,१०० झाले तर ताकद पाच टक्के वाढली. याहून स्वस्त डायनो (ताकद मोजायचे यंत्र) नाही.

तरीही लांबी ही माझ्या लेखी दुसरी गोष्ट. आधी पाइप टिकला पाहिजे. एक मीटर स्टेनलेस ८०० अंशांनी तापला की जवळपास १४ मिलिमीटर वाढतो. दोन्ही टोके आवळून टाकली तर तो कुठेतरी फाटणारच. एक्झॉस्टचे वजन इंजिनावरच घ्यावे, बॉडीला बांधू नये, आणि मध्ये सरकता जोड ठेवावा. या तापमानात साधे ३०४ स्टेनलेस फार टिकत नाही. ३२१ बरा, इनकोनेल ६२५ उत्तम. टीग वेल्डिंग करताना पाइपच्या आतही आरगॉन सोडावा, नाहीतर आतला जोड साखरेसारखा रवाळ होतो आणि तडा तिथूनच निघतो. एका परिचिताच्या विमानावर, जिथे दोन पाइप एकत्र येतात त्या खाचेत, डोळ्यांना काही दिसत नव्हते. डाय पेनिट्रंट (तड्यात झिरपणारा लाल रंग) लावून पुसले, वर पांढरी पावडर फवारली, तेव्हा वेल्डच्या कडेने केसाएवढी लाल रेघ उमटली. त्या जागेपासून पेट्रोलची नळी वीतभर अंतरावर होती.

सायलेन्सर काढा म्हणणे सोपे आहे. दोन रोटरचे इंजिन ६,००० आरपीएमवर सेकंदाला २०० तडाखे देते आणि तो आवाज धावपट्टीभोवती राहणाऱ्यांना सोसावा लागतो. पण गाडीचा सायलेन्सर उचलून लावणेही चूक. त्यातली काचेची लोकर उडून जाते, पत्र्याचे पडदे जळून सुटतात, आणि सुटलेला पडदा तोंडावर आडवा बसला तर उड्डाणाच्या वेळीच ताकद जाते. पडद्यांऐवजी भोके पाडलेली जाड नळी वापरावी, भोकांचे एकूण क्षेत्रफळ पाइपच्या तोंडापेक्षा जास्त ठेवावे, आणि दर तपासणीत आत दिवा घालून बघावे.

लेखातले ते विधान आपण पुढच्या पुरवणीत दुरुस्त करून छापावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त वेल्डर आणि नियमित वाचक