ती चार भोकं

प्रिय बापू,

दोन वर्षं झाली, तुला एक ओळ लिहिली नाही. फोनवर दरवेळी "निवांत बोलू" म्हणायचं आणि तो निवांतपणा काही यायचा नाही. भेटशील तेव्हा हव्या तेवढ्या शिव्या दे, मुकाट्याने ऐकून घेईन. आज कागदच पुढे ओढला, कारण जे झालंय ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून कळायचं नाही. तब्येत बरी आहे. रक्तदाबाची गोळी चालू, डावा गुडघा कुरकुरतो. झालं.

काकूंनी अण्णांची रायफल विकायचं ठरवलंय. मला बोलावून कपाट उघडलं आणि म्हणाल्या, "तिला तुझ्याइतकं कोण ओळखतं? तू सांगशील ती किंमत." मी हो म्हणून बसलो. गेला आठवडाभर रोज संध्याकाळी त्यांच्याच टेबलावर कापड अंथरून तिची तपासणी चालली होती. काकू शेजारी बसून वाती वळायच्या.

बापू, ती लष्करातली नाही.

आपण सगळे धरून चाललो होतो ना, की लढाईनंतर मोडीत निघालेली कुठलीतरी माउझर रायफल कुणीतरी घेतली, कापली, तासली आणि शिकारी करून विकली? तशा बंदुका हजारांनी झाल्या, म्हणून आपल्याला शंकाही आली नाही. अण्णा स्वतःच "लढाईतून आलीय" म्हणायचे. पण परवा मी दुर्बिणीचा पुढचा ठोकळा काढला. त्याखाली, रिसीव्हरच्या, म्हणजे नळी बसते त्या पोलादी सांगाड्याच्या, गोल कड्यावर अक्षरं आहेत. घासून घासून पुसट झालेली. खडूची पूड चोळली, दिवे घालवले आणि बॅटरीचा उजेड आडवा टाकला, तेव्हा वाचता आली. 'वाफेनफाब्रिक माउझर' आणि खाली 'ओबर्नडॉर्फ'. म्हणजे खुद्द जर्मन माउझर कंपनीचं नाव आणि तिच्या कारखान्याचं गाव, आणि नावही जुनं. 1922 मध्ये कंपनीचं नाव बदलून 'माउझर वेर्के' झालं. त्यामुळे ते कडं त्याआधीचं.

मग बाकीच्या खुणा आपोआप बोलायला लागल्या. कड्याच्या डाव्या अंगाला तीन बारीक मुकुट आहेत, एकेकाखाली एकेक अक्षर: बी, यू, जी. ही जर्मन नागरी चाचणीची मोहर. बी म्हणजे दाबाची चाचणी झाली, यू म्हणजे तपासणी झाली, जी म्हणजे नळी आटेदार आहे. लष्करी बंदुकीवर असतो तसा सैन्याचा शिक्का कुठेही नाही. कुठल्या देशाचं चिन्ह नाही, आणि खरवडून काढल्याची खूणही नाही. बोल्टच्या, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या खिटीच्या, दांड्याचा गोळा नासपतीच्या आकाराचा आहे. मॅगझिनचा तळ उघडायला चापाच्या कोंदणात छोटी कळ आहे, ती जिच्याशी तू तासन्‌तास चाळा करायचास आणि अण्णा ओरडायचे. लष्करी बंदुकीला तो तळ काडतुसाच्या टोकाने दाबून काढावा लागतो. ही कळ कारखान्याने शिकाऱ्यासाठीच बसवलेली. रिसीव्हर, नळी आणि बोल्ट, तिन्हींवरचा नंबर एकच आहे. मी तीनदा ताडून पाहिला.

नळीचं तोंड कापलंय की काय ही मला सगळ्यात मोठी धास्ती होती. कापलेली नळी परत वाढत नाही, आणि नळी गेली की किंमत गेली. बोल्ट बंद केला, तोंडातून सरळ काठी घालून बोल्टला टेकेपर्यंत नेली, खूण केली, मोजली. बरोबर साठ सेंटिमीटर. कारखान्यातून निघाली तेवढी. माशीही मूळच्या जागी आहे. त्या क्षणी मी इतक्या मोठ्याने "वा!" म्हणालो की काकूंच्या हातातली वात खाली पडली.

आणि मग दुर्बीण बसवायला आपण पाडलेली ती भोकं.

चार आहेत ना? मागची दोन मागच्या पुलावर, त्यांचं एवढं दुःख नाही. पुढचं एक मात्र थेट 'माउझर'च्या शेवटच्या अक्षरातून गेलंय, आणि दुसरं 'ओबर्नडॉर्फ'च्या मधोमध. शिवाय ते वाकडं आहे. तुला आठवतंय ते वाकडं का गेलं. तू ड्रिलचा हात धरून ठेवला होतास आणि म्हणत होतास, "अरे, आधी वाचू तरी काय लिहिलंय!" मी म्हणालो, "कारखान्याचं नाव असणार, दुसरं काय?" आणि हात झटकला. दुर्बीण माझी होती, हौस माझी होती. त्यानंतर पंधरा दिवस आपण बोललो नाही. वर अण्णांना मी सांगितलं की वाकडं भोक बापूच्या धक्क्याने पडलं. त्यांनी तुला काही विचारलं नाही, पण त्यांच्या मनात ते राहिलं असणार. तू बरोबर होतास, बापू. हे मी तीस वर्षांनी लिहितोय, ते आधीच लिहायला हवं होतं.

आता दुसरी गोष्ट, जी वाचून तुला बसायला खुर्ची लागेल. तो पावसाळा आठव. सहाव्या गोळीनंतर बोल्ट अडकला आणि तू लाकडी हातोडीने ठोकून उघडलास. मी म्हणत होतो, तू घर, म्हणजे नळीतली काडतुसाची जागा, नीट पुसलं नाहीस. तू म्हणत होतास, मी तेल जास्त घातलं. तो वाद आपण कितीतरी वर्षं पुरवला. दोघंही चुकलो होतो. मी मऊ शिशाची गोळी तेल लावून नळीतून हळूहळू लाकडी दांडीने पार केली आणि मायक्रोमीटरने मोजली. नळीतल्या समोरासमोरच्या खाचांमधलं अंतर 8.07 मिलिमीटर आलं. आपण झाडत होतो त्या काडतुसांची गोळी 8.20 ची. पुंगळी दोघांची तीच, सत्तावन्न मिलिमीटरची, घरात दोन्ही बसतात. 1888 सालच्या मूळ काडतुसाची गोळी 8.07 ची, पुढे सैन्याने जाड गोळी घेतली, आणि नव्या काडतुसाच्या नावात 'एस' आला. पण शिकारी रायफली बनवणारे नंतरही बरीच वर्षं जुन्या मापाच्या नळ्या घालत राहिले. कागदावर नुसतं 'आठ मिलिमीटर माउझर' लिहिलं असेल तर कळणार कसं? तेवढ्या तेरा शतांश मिलिमीटरनेच तो बोल्ट जाम केला होता. काडतुसांच्या बुडाच्या चपट्या झालेल्या टोप्या तू मला दाखवल्या होत्यास, आठवतं? दाब जास्त झाल्याचीच ती खूण, आणि आपण त्या काडतुसांच्या कंपनीला नावं ठेवली.

बोल्टला मागे त्याला अडवून धरणारा तिसरा गट्टू आहे, वायू फुटलाच तर बाहेर सोडायला बोल्टच्या अंगात भोकं आहेत, आणि मागच्या टोपणाला तो रुंद कठडा आहे. त्या वेळी तुझा चेहरा त्या कठड्याच्या मागे होता, हातभर अंतरावर. मंगळवारी रात्री मला झोप लागली नाही.

काकूंना पहिली गोष्ट तीच सांगितली. काडतुसांचा डबा वेगळा काढून त्यावर चिठ्ठी लावली, आणि ज्याच्या हाती रायफल जाईल त्याला हे माप लेखी द्यायचं असं ठरवलं. घराची छाप घ्यायचीही राहिली आहे. सत्तर ते नव्वद अंशांच्या दरम्यान वितळणारा तो मिश्रधातू मागवलाय. तो ओतून घट्ट झाला की तासाभराने घराचं खरं माप देतो. मधल्या काळात कुणी घर मोठं करायचं हत्यार, रीमर, फिरवलं नाही ना, हे त्यानेच कळेल.

आता किंमत. इथे मी खरा अडकलोय. अशी रायफल तीन तऱ्हेच्या माणसांना विकता येते आणि तिघांचे तीन भाव. संग्राहकाला अक्षरं, ब्लूइंग म्हणजे पोलादावरची मूळ निळी-काळी झिलई, मूळ लाकूड हवं. तो भोकं बघतो आणि चहा न घेता उठतो. निशाणबाजाला नळी चांगली हवी, पण 8.07 च्या गोळ्या शोधत फिरायची त्याची तयारी नसते. तिसरा कारागीर, त्याला नुसता बोल्ट आणि रिसीव्हर हवा. तो बाकीचं काढून टाकील आणि त्यावर नवी रायफल उभी करील. सगळ्यात चटकन पैसे तोच देतो, आणि तोच तिला संपवतो. आपण केलेल्या खर्चाचं, त्या दुर्बिणीचं, रबराच्या गादीचं, नव्या पॉलिशचं किंमतीत एक पैसाही जमा होत नाही. उलट पॉलिशवाल्याने चाकावर धरून अक्षरांच्या कडा गोल केल्या, ते वजा. वाकडं भोक वजा. दांडा आणखी खाली वाकवताना भट्टीत घातला, बोल्टची कडकपणाची प्रक्रिया त्यात उतरली का हे तपासायचं बाकी, तेही तूर्त वजाच.

एकाने सुचवलं, भोकं वेल्डिंगने भरून घे, दिसणारही नाहीत. मी नाही म्हणालो. त्या कड्याला वरून कडक कातडी असते आणि आत मऊ गाभा. तिथे ज्योत लावली तर दिसायला सुंदर आणि झाडायला घातक. आखूड स्क्रू बसवू, भोकं भोकंच दिसू देत.

आणि बापू, अडचण अशी की ती मलाच हवीय. काकूंनी विचारलं तेव्हाच मनात आलं होतं. मी जो आकडा सांगणार तो मीच देणार, आणि तिची किंमत मीच खाली आणलेली. तो आकडा मला तोंडातून काढता येत नाही. जास्त सांगितला तर काकू म्हणतील हा मनाने मोठा आहे, आणि मी ते ऐकून घेईन, जे खरं नाही. कमी सांगितला तर ते कागदावर बरोबर असेल. भोकं पडण्याआधी ती काय होती आणि आज काय आहे, असे दोन आकडे काढून दोन्ही काकूंसमोर ठेवायचे, आणि मधला फरक कुणामुळे तेही सांगायचं, इथपर्यंत मी आलोय. आकडे मात्र तू काढ. विकल्या गेलेल्या रायफलींचे भाव बघ, विकायला ठेवलेल्यांचे नव्हे. मागणारा काहीही मागतो.

त्याआधी एक काम. जुना कुंदा तुझ्याकडे आहे. अण्णांनी जाड कुंदा बसवला तेव्हा तू म्हणालास, "एवढं अक्रोड टाकून देताय?" आणि गाठोड्यात बांधून नेलास. त्याचा दिव्याचा स्टँड करणार होतास. बापू, देवाच्या कृपेने तुझी कामं कधी पुरी होत नाहीत! माळ्यावर बघ. गालाला टेकायचा उंचवटा डाव्या बाजूला असेल. नळीच्या खाचेत आणि मागच्या पट्टीखाली नंबर कोरलेला किंवा पेन्सिलने लिहिलेला असला तर कळव. शेवटचे चार आकडे मी फोनवर सांगीन, आधी सांगितले तर तुला तेच दिसतील. वरची पंख्यासारखी मूळ सेफ्टी मला अण्णांच्या स्क्रूंच्या डब्यात सापडली. दुर्बिणीला अडते म्हणून काढली होती ती. कुंदा आणि सेफ्टी परत चढले तर भोकं सोडून ती पुन्हा तीच होईल.

धाकटीची परीक्षा कशी झाली? वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? बदलीचं काय ठरलं ते लिही. हे सगळं मी वर विचारायला हवं होतं, पण तुला माझी रीत ठाऊक आहे.

काकूंना मी रविवारपर्यंत थांबायला सांगितलंय. तोवर माळ्यावर चढ. आणि मागच्या पट्टीचे स्क्रू काढताना खाचेत गच्च बसेल असाच पेचकस घे. घाईघाईत तू खाचा उखडतोस, आणि ते स्क्रू शंभर वर्षांचे आहेत.

तुझाच,
दिगू