गहू सोडण्याआधी तपासणी

महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीतील ‘आयबीएस’ (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे वारंवार पोट बिघडण्याचा आतड्याचा विकार) याविषयीच्या लेखात आहार आणि मनःस्वास्थ्यावर दिलेला भर योग्यच आहे; मात्र हे निदान पक्के करण्याआधी सिलिअॅक रोगाची शक्यता तपासावी लागते, हा मुद्दा त्यात राहून गेला. गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होणाऱ्या या रोगातही पोटफुगी व जुलाब हीच लक्षणे दिसतात. आपल्या बेळगाव-निपाणी भागात पोट बिघडले की चपाती सोडून ज्वारीच्या भाकरीवर राहणारे पुष्कळ आहेत, आणि ज्वारीत ग्लुटेन नसल्याने अशा रुग्णाला आराम पडतोही. परंतु गहू बंद झाल्यावर रक्तातील ज्या प्रतिपिंडांवरून (अँटीबॉडीज) हा रोग ओळखतात, ती हळूहळू घटतात व तपासणीत रोग निसटू शकतो. त्यामुळे ही रक्ततपासणी गहू खाण्यात असतानाच करून घ्यावी लागते.

– एक वाचक, बेळगाव