रायफल घेण्याआधी गोळी कुठे थांबेल ते पाहा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रानडुकरांच्या उपद्रवाने हैराण झालेल्या बागायतदारांना बंदुकीचे परवाने लवकर मिळावेत, ही मागणी गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात वाचली. मी त्या मागणीच्या बाजूचा आहे. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात माझं कुळागर, म्हणजे सुपारी-केळीची बाग आहे. एका रात्रीत केळीची पस्तीस रोपं उकरून पडलेली मीही पाहिली आहेत. पण त्या बातमीनंतर आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, जो तो रायफलीचंच बोलू लागलाय, म्हणून हे पत्र. मी बावीस वर्षं सैन्यात आर्मरर होतो. हत्यारं खोलायची, तपासायची, दुरुस्त करायची, हेच काम. त्यामुळे लोक विचारायला माझ्याकडे येतात.

परवा शेजारचा मुलगा आला. बोटीवर असतो, सुट्टीवर आलाय. त्याच्या वडिलांकडे ३१५ बोअरची जुनी रायफल आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सत्तर वर्षं पूर्ण झालेल्या परवानाधारकाला वारसाच्या नावे परवाना मागता येतो, तसा अर्ज त्यांनी केलाय. मुलाला जुनी रायफल नको. "काका, नवी बोल्ट अॅक्शन खंयची घेवची?" म्हणत त्याने मोबाइल पुढे केला. बोल्ट अॅक्शन म्हणजे दर बाराला हाताने बोल्ट (खीळ) मागेपुढे करून काडतूस भरायची रायफल. त्यात दुर्बीण चढवलेली ३०-०६ रायफल. मी विचारलं, तुझ्या कुळागरापलीकडे काय आहे? म्हणाला, काजूचं भाट (बाग). त्यापलीकडे? देऊळ. आणि देवळापलीकडे? तो थोडा थांबला आणि म्हणाला, वाडा.

रायफलीची निवड इथून सुरू होते. ३०-०६ हे काडतूस अमेरिकेच्या सैन्याने १९०६ मध्ये स्वीकारलं ते उघड्या मैदानात शेकडो मीटरवर मारा करण्यासाठी. आपल्या रानात पन्नास-साठ पावलांपलीकडे दिसत नाही. दिसतं पन्नास पावलं आणि गोळी जाते तीन किलोमीटरच्याही पुढे. मधल्या अंतराचा हिशोब चाप ओढणाऱ्यानेच द्यायचा असतो. एप्रिलमध्ये झुंजुमुंजू व्हायच्या आत बायका बोंडू वेचायला भाटात शिरलेल्या असतात.

काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या गावात एका घराचं कौल फुटलं. माकडाचं काम असेल म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या दिवशी चुलीमागे राखेत गोळी सापडली, ती ओळखायला मला बोलावलं. तांब्याच्या रंगाचं आवरण, टोकाला उघडं शिसं, अंगावर नळीतल्या आट्यांचे, म्हणजे आतल्या पिळदार खाचांचे, ओरखडे. ३१५ ची होती. कुणीतरी गवे हाकलायला रात्री "हवेत" बार काढला होता. हवेत काढलेला बार हवेत राहत नाही. घरातली म्हातारी रोज त्या वेळी चुलीपाशी पेज ढवळत बसायची, त्या रात्री ताप आला म्हणून लवकर निजली होती. ती गोळी तळहातावर घेतली तेव्हाचं तिचं वजन मला अजून आठवतं. सोळा ग्रॅमही नसेल.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. कुळागर राखायला रायफल नको. १९५९ च्या शस्त्र कायद्यानेही पीकरक्षणासाठी पहिल्यांदा ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू भरायची, बंदूक सांगितली आहे. ती पुरत नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं, तर आट्या नसलेल्या नळीची दुसरी बंदूक. नव्या पोरांना हा कायदा जुनाट वाटतो. पण ठासणीच्या बंदुकीत नुसती दारू ठासून बार काढता येतो. आवाज डोंगराला आपटून परत येतो, डुकरं पळतात आणि नळीतून गोळी बाहेर पडत नाही. रायफलीत ही सोय नाही.

दुसरी गोष्ट, "शिकारीची रायफल" हा शब्दच आता सोडून द्यावा. १९७२ चा वन्यजीव कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांनंतर शिकारीचे परवाने राहिलेच नाहीत. गवा पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीत आहे आणि तो गोव्याचा राज्यप्राणीही आहे. डुकरालाही वन खात्याच्या लेखी परवानगीशिवाय मारता येत नाही. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना नव्हे. हे मी त्या मुलाला दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा त्याने मान हलवली ती ऐकून घ्यायची म्हणून.

तरीही ज्यांच्याकडे वडिलोपार्जित रायफलीचा परवाना आहे आणि हत्यार झिजलंय, त्यांना बदलावं लागतंच. त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो.

बोल्ट अॅक्शनच घ्यावी. बोल्ट मागे ओढलेला असला की चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, रिकामं आहे की नाही, हे शेजारी उभ्या असलेल्यालाही दिसतं. घरात पोरं असतील तर या एका गुणापुढे बाकी सगळे गुण दुय्यम. बोअर म्हणाल तर ३१५ पुरेसा आहे. आपल्या सैन्याचं ३०३ काडतूस लोकांच्या हाती जाऊ नये म्हणून इंग्रजांनी हा वेगळा बोअर चालवला. तीच रायफल पुढे ईशापूरच्या कारखान्यात बनत राहिली. काडतूसही आपल्याकडेच बनतं. परदेशी जुन्या रायफली लाखांच्या भावाने विकल्या जातात, त्यांच्या नावाला भुलू नये. काडतूस मिळालं नाही तर ती भिंतीवरची शोभा.

दुकानात आधी अंगाला लावून पाहा. दस्त्याची बूड कोपराच्या खळग्यात टेकवा, बोट सहज चापावर पोचलं पाहिजे. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा आणि उघडा. नळीच्या टोकाची माशी मागच्या खाचेत बसलेली दिसली तर ती रायफल तुमची. मान वाकवून शोधावी लागली तर दुसरी मागा. दुकानदार घाई करतो, करू द्या. बोल्ट वीस वेळा मागेपुढे करून पाहा, कुठे अडखळतो ते हाताला कळतं. आणि बोल्टवरचा नंबर रायफलीवरच्या नंबराशी जुळवा. हे कुणी पाहत नाही. बोल्टचं तोंड आणि काडतुसाची बूड यांतलं अंतर त्या त्या रायफलीला बसवलेलं असतं. दुसरीचा बोल्ट घातला तर तो बसेल, बारही निघेल आणि एखाद्या दिवशी काडतुसाची बूड फाटून गरम वायू तोंडावर येईल. निवडणुकीच्या वेळी हत्यारं जमा होतात. ती परत घेताना एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या रायफलीत आलेला मी स्वतः पाहिलाय. दोन्ही मालक सहा महिने तसेच वापरत होते.

३१५ चं काडतूस कडेचं असतं, म्हणजे त्याच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे बसली पाहिजे. मागे राहिली की ऐन वेळी बोल्ट अडकतो आणि माणूस धसमुसळेपणा करतो. बहुतेक अपघात अशा धसमुसळेपणात होतात.

तेलाचंही सांगायला हवं. आपल्याकडे सवयीने खोबरेल लावतात. डिसेंबरात पहाटे सत्तरीत बाटलीतलं खोबरेल गोठतं, तसंच ते बोल्टच्या आतही गोठतं. मग काडतुसावर आपटणारी सुई हळू जाते, बार लागत नाही, माणूस लगेच बोल्ट उघडायला जातो आणि तेवढ्यात उशिरा बार लागला तर? शस्त्राचं तेल स्वस्त मिळतं, तेच वापरा. बार लागला नाही तर नळी मातीकडे धरून अर्धा मिनिट थांबा. पावसाळ्यात चामड्याच्या पिशवीत रायफल ठेवू नका, पिशवी दमट राहते आणि चतुर्थीला उघडाल तेव्हा नळी लाल झालेली असेल.

हे सगळं केलं तरी एक गोष्ट राहते, आणि तिच्यासाठीच आपल्या दैनिकाची मदत हवी आहे. नवी रायफल झिरो केल्याशिवाय, म्हणजे तिचा नेम जुळवून घेतल्याशिवाय, तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. कागदावर पाच-सहा गोळ्या झाडून ती कुठे मारते ते पाहावं लागतं. माझ्या ओळखीच्या एकाही परवानाधारकाने ते केलेलं नाही, कारण जवळपास जागा नाही. रानात जाऊन झाडावर बार काढणं गुन्हा आहे, आणि जांभ्याच्या खडकाला लागलेली गोळी कुठे वळेल ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. नियमांत परवान्याआधी सुरक्षा प्रशिक्षणाची अट आहे. ते प्रशिक्षण तालुक्यात, मराठी-कोंकणीतून आणि खऱ्या गोळीबारासह व्हावं. मागे उंच मातीचा बांध असलेली शंभर मीटरची सपाट जागा पुरते. बंद पडलेल्या चिरेखाणीत अशा जागा आहेत. पोलीस आणि वन खात्याने मिळून मे महिन्यात, पाऊस लागायच्या आत, दोन दिवस दिले तरी वाळपईच्या आसपासच्या सगळ्या परवानाधारकांचं प्रशिक्षण होऊन जाईल.

शेजारच्या मुलाने रायफल अजून घेतलेली नाही. काल तो माझ्याबरोबर त्याच्या कुळागराची हद्द चालून आला, वाड्यापर्यंतची पावलं मोजत. हजाराच्या पुढे मोजणं सोडलं.

सरकारने जागा दिली तर शिकवायला मी येईन. मानधन नको. लक्ष्याचे कागद आणि साफसफाईच्या सळ्या माझ्या घरून आणीन.

आपला,
एक निवृत्त आर्मरर,
सत्तरी, गोवा